अर्ध्यावर उठून जाऊ नये

हरत आलेला सामना एखाद्या संघाने खेचून आणला, की त्याची आठवण माणसे मुला-नातवंडांना सांगत राहतात. १८ जून १९८३ रोजी विश्वचषकात झिंबाब्वेविरुद्ध आपले ५ गडी अवघ्या १७ धावांत बाद झाले आणि मग कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. तो सामना दूरदर्शनवर दिसला नाही, त्याचे चित्रीकरणही झाले नाही. तरी आपल्या चाळीत आणि वस्तीत त्याविषयी माणसे अशी बोलतात, की जणू प्रत्येकजण त्या दिवशी मैदानाच्या कडेला मांडी घालून बसला होता.

अमेरिकेतल्या बफेलो शहरात असाच एक सामना घरोघरी सांगितला जातो. तो ३ जानेवारी १९९३ रोजी झाला. तिथले लोक त्याला नुसते ‘द कमबॅक’ म्हणतात, ‘ते पुनरागमन’. कोणते, हे कोणाला विचारावे लागत नाही. या वेळी आम्ही वाचकांना तोच सामना सांगणार आहोत, आणि तो केवळ खेळाची गंमत म्हणून नव्हे. त्या आठवणींत आपल्या घरांना उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. त्या आठवणींतून जे गाळले जाते, त्यात तर त्याहून अधिक आहे.

कोणी विचारील, बफेलोशी आपला काय संबंध? बफेलो हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचे, नायगारा धबधब्याजवळचे शहर. त्याच राज्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. १९०५ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि इतर काळ्या पुढाऱ्यांनी बफेलोसमोर, नदीपलीकडे कॅनडाच्या हद्दीत फोर्ट एरी येथे जमून ‘नायगारा चळवळ’ सुरू केली. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

शिवाय बफेलो हे कामगारांचे गाव. शेजारच्या लॅकवाना येथे पोलादाचा प्रचंड कारखाना होता. हजारो चुली त्याच्यावर पेटत. १९८३ साली तिथले पोलाद बनवणे थांबले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. अशा गावात माणसांना अभिमानाने छाती पुढे काढायला जे थोडेफार उरले, त्यात ‘बफेलो बिल्स’ हा फुटबॉल संघ होता.

बत्तीस गुणांची पिछाडी

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलसारखा नसतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की ‘टचडाऊन’ होतो. त्याचे ६ गुण, आणि नंतर लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारला की आणखी १. दूरूनच लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवला तर ३ गुण. चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवणारा आणि फेकणारा गडी म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. धिप्पाड माणसे अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याने सारे मैदान वाचायचे असते. संघाचे डोके म्हणजे हा गडी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

सामना बाद फेरीचा होता. जो हरेल तो घरी जाणार. समोर टेक्सासचा ‘ह्यूस्टन ऑइलर्स’ संघ. आठवडाभर आधी याच संघाने बफेलोला २७-३ असे झोडपले होते आणि त्याच सामन्यात बफेलोचा नामांकित क्वार्टरबॅक जिम केली याचा गुडघा दुखावला होता. त्याच्या जागी राखीव गडी फ्रँक राइक उतरला. बचावातला भरवशाचा खेळाडू कॉर्नेलियस बेनेट हाही जखमी होता. गावाला फारशी आशा नव्हती. मैदान ८० हजारांचे, पण तिकिटे पूर्ण खपली नाहीत. त्या काळचा नियम असा, की सामन्याच्या ७२ तास आधी सर्व तिकिटे खपली नाहीत तर त्या परिसरात दूरदर्शनवर सामना दाखवायचा नाही. त्यामुळे साऱ्या अमेरिकेने जो सामना पाहिला, तो खुद्द बफेलोच्या घरांत दिसलाच नाही. तिथली माणसे रेडिओला कान लावून बसली.

आणि कानावर पडत होते ते भयंकर होते. ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक वॉरेन मून याने पूर्वार्धात २२ पैकी १९ पास बिनचूक पोहोचवले आणि ४ टचडाऊन करवले. मध्यंतराला ह्यूस्टन २८, बफेलो ३. उत्तरार्ध सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच राइकचा पास ह्यूस्टनच्या गड्याने मधेच झेलला आणि थेट टचडाऊन केला. ३५-३. बत्तीस गुणांची पिछाडी! लोक उठले, कोट सावरत दाराकडे चालू लागले.

मग जे घडले ते असे. बफेलोचा मुख्य धावपटू थर्मन थॉमस जखमी झाला होता. त्याच्या जागी आलेल्या केनेथ डेव्हिसने टचडाऊन केला. ३५-१०. नंतर चेंडू समोरच्यांकडे लांब मारायचा असतो, तो बफेलोच्या स्टीव्ह ख्रिस्तीने मुद्दाम जवळच मारला आणि स्वतःच झडप घालून पकडला. पुन्हा चढाई, डॉन बीबीचा टचडाऊन, ३५-१७. मग आंद्रे रीड, ३५-२४. मग मूनचा पास बफेलोने मधेच झेलला आणि पुन्हा रीड, ३५-३१. घड्याळाच्या सात मिनिटांच्या आत २८ गुण! शेवटच्या भागात रीडने आपला तिसरा टचडाऊन केला आणि बफेलो ३८-३५ असा पुढे गेला. पण मून संपला नव्हता. त्याने आपला संघ पुन्हा मैदानभर पुढे आणला आणि १२ सेकंद उरली असताना ह्यूस्टनने ३ गुण घेऊन बरोबरी साधली. जादा वेळेत जो प्रथम गुण करील तो विजयी. मूनचा एक पास बफेलोच्या नेट ओडम्सने मधेच झेलला आणि थोड्याच वेळात ख्रिस्तीने ३२ यार्डांवरून लाथ मारून सामना जिंकला. ४१-३८.

एवढी मोठी पिछाडी भरून काढून जिंकण्याचा विक्रम जवळजवळ तीस वर्षे टिकला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मिनेसोटाच्या संघाने साखळी सामन्यात ३३ गुणांची पिछाडी भरून तो मोडला.

गेलेले, परतलेले आणि बसून राहिलेले

बफेलोचे लोक ही आठवण सांगतात तेव्हा चेंडूपेक्षा माणसांबद्दलच अधिक बोलतात. मैदानातून बाहेर पडलेल्यांनी गाडीत बसून रेडिओ लावला आणि ऐकतच राहिले. ३५-१७. ३५-२४. काहींनी अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. पण बाहेर गेलेल्यास पुन्हा आत घ्यायचे नाही, असा मैदानाचा नियम. दाराशी हुज्जत झाली. काही जण चक्क कुंपणावर चढून आत उतरले. त्या दिवशी ७५,१४१ प्रेक्षक मोजले गेले होते. मधेच उठून गेल्याची कबुली मात्र फार थोडे देतात. जो तो शेवटपर्यंत बसून होतो असेच सांगतो. विजयाच्या आठवणीत सर्वांनाच जागा हवी असते.

जे उठून गेले त्यांना आम्ही दोष देणार नाही. ३५-३ असा फलक पाहून कोणीही हिशेबी माणूस तेच करील. पण हिशेब आणि निष्ठा यांच्या वह्या वेगळ्या असतात. जे बसून राहिले त्यांना तरी विजय कुठे दिसत होता? आपली माणसे मैदानात आहेत, एवढेच कारण त्यांना पुरेसे होते.

राइकबद्दलही असेच. त्याच्याच पासवर ३५-३ झाले होते. तिथे दुसरा कोणी असता तर हात गळून गेले असते. पण १९८४ साली कॉलेजात असताना मेरीलँडतर्फे हाच मुलगा मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरला होता. संघ मायामीविरुद्ध ३१-० असा मागे होता. त्याने तो सामना ४२-४० असा जिंकून दिला होता. पुढे जिम केलीच्या मागे राखीव म्हणून तो वर्षानुवर्षे बसला, पण बसल्या जागी तयारीत राहिला. म्हणून ३ जानेवारीला जे घडले त्याला आम्ही चमत्कार म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारावर विसंबायला शिकवलेले नाही. संधी येण्यापूर्वी ज्याने तयारी केली, त्यालाच ती उपयोगी पडली.

आणखी एक हकीकत आहे, ती बफेलोवाले जरा हळू आवाजात सांगतात. हा संघ पुढचे दोन सामने जिंकून अंतिम सामन्यात पोहोचला आणि ३१ जानेवारी १९९३ रोजी डॅलसकडून ५२-१७ असा सपाटून हरला. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षे तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. करंडक नाही, तरी गाव त्या संघावर जीव टाकते. अजिंक्यपद न मिळताही माणसाला मान देता येतो, हे त्या कामगारांच्या गावाला कळले.

खरी राखीव जागा

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ह्यूस्टनमध्ये याच सामन्याला ‘द चोक’ म्हणतात. ऐन वेळी ज्यांचा श्वास कोंडला, अशा अर्थाने. तिथले चाहतेही आठवणी काढतात, पण त्या कडू असतात. बीबीचा पाय रेषेबाहेर पडला होता, तो टचडाऊन धरायलाच नको होता, हे ते सांगतात आणि चित्रफीत पाहता त्यांचे म्हणणे खरेही आहे. त्या हंगामात चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय नव्हती. पण या सगळ्या आठवणींच्या गर्दीत वॉरेन मून हा माणूस कुठे आहे? त्या दिवशी त्याने ५० पैकी ३६ पास पोहोचवले, ३७१ यार्ड मिळवले, ४ टचडाऊन करवले. आणि इतिहासात त्याची नोंद झाली ती बत्तीस गुणांची आघाडी घालवणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून.

मून काळा आहे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचे डोके, हे आम्ही वर सांगितले. काळा माणूस वेगाने पळेल, उंच उडी मारून झेलेल, अंगावर धावून जाईल, पण डोक्याची जागा त्याला झेपणार नाही, ही तिथल्या गोऱ्या मालकांची आणि मार्गदर्शकांची जुनी समजूत. १९६८ साली मार्लिन ब्रिस्को या काळ्या मुलाने डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळ केला. पुढच्या वर्षी तो बफेलोला आला तेव्हा त्याला चेंडू झेलणाऱ्यांत घालण्यात आले. त्याच वर्षी त्याच बफेलोने जेम्स हॅरिस या काळ्या क्वार्टरबॅकला संधी दिली, हेही सांगितले पाहिजे. पण अशी दारे एखाद-दुसरीच उघडत.

मूनने १९७८ च्या जानेवारीत ‘रोझ बाउल’ ही मानाची लढत वॉशिंग्टन विद्यापीठाला जिंकून दिली. त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. तरी व्यावसायिक संघांना तो क्वार्टरबॅक म्हणून नको होता. जागा बदल, असे त्याला सुचवले गेले. त्याने जागा बदलली नाही, देश बदलला. कॅनडात एडमंटन शहराच्या संघात तो गेला आणि १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने तिथला राष्ट्रीय करंडक जिंकला. अमेरिकेतल्या १९७८ च्या खेळाडू-निवडीत मात्र एकाही संघाने त्याचे नाव पुकारले नाही. पुढे १९८४ साली त्याला घेण्यासाठी त्याच अमेरिकन संघांत चढाओढ लागली आणि तो ह्यूस्टनला आला.

वाचकहो, ‘राखीव’ हा शब्द आपल्या मुलांना कॉलेजात आणि कचेरीत टोमण्यासारखा ऐकवला जातो. पण कायद्यात कुठेही न लिहिलेली, कोणी जाहीर न केलेली आणि तरीही वर्षानुवर्षे एकाच रंगासाठी धरून ठेवलेली ती क्वार्टरबॅकची जागा, तिला काय म्हणायचे? खरी राखीव जागा ती! आपल्याकडेही अशा जागा काही कमी नव्हत्या. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर हे त्या काळचे नामांकित गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, तेव्हा १९२३ साल उजाडले होते. गोलंदाजी करा, घाम गाळा. पण डोक्याची जागा मागू नका. बफेलो असो की मुंबई, मनूचा हिशेब सारखाच.

म्हणून ‘जिद्द असेल तर सारे काही होते’ असे जे गुळगुळीत वाक्य अशा सामन्यांच्या आठवणींना चिकटवले जाते, ते आम्हाला अर्धेच वाटते. जिद्द मूनजवळ कमी होती काय? माणसाला आधी मैदानात उतरू दिले पाहिजे. दार उघडण्यासाठी चळवळ लागते आणि दार उघडल्यावर टिकण्यासाठी तयारी लागते. बाबासाहेबांनी दोन्ही केले, आपल्यालाही दोन्ही करावी लागतात.

हरण्याची मुभा

यापुढचे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गोरा क्वार्टरबॅक हरला तर तो एकटा हरतो. काळा हरला तर ‘पाहा, आम्ही म्हणत होतो ना’ असे म्हणणारे तयार असतात आणि त्याच्याबरोबर त्याची सारी जमात हरल्याचे धरले जाते. मूनच्या पाठीवर हे ओझे सदैव होते. प्रेक्षकांतून येणारे जातिवाचक शिव्याशाप त्याच्या बायकामुलांनी बसल्या जागी ऐकले आहेत. तरी तो त्या पराभवानंतर थांबला नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. २००६ साली व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-मंदिरात त्याची निवड झाली, आणि तिथे पोहोचलेला आधुनिक काळातला तो पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. १२ फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते. असे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. आमच्या मते ३ जानेवारी १९९३ च्या मैदानात दोन पुनरागमने होती. एक बफेलोचे, एका दुपारचे. दुसरे मूनचे, सगळ्या आयुष्याचे. ते त्या दिवशी हरूनही पुढे चालूच राहिले.

आपल्या घरांत काय होते? दहावी-बारावीचा निकाल लागतो. पहिल्या पिढीत शिकणारा मुलगा, घरात अभ्यासाला कोपरा नाही, आई दोन घरची धुणीभांडी करून आलेली. दोन विषय राहतात. बाहेरचे म्हणतात, सवलती देऊनही यांचे हेच. ते तसे म्हणणारच, ती त्यांची रीत आहे. पण आपण काय म्हणतो? ‘याच्याच्याने शिक्षण होणार नाही, लावा कुठेतरी कामाला.’ म्हणजे मध्यंतरालाच आपण कोट सावरून दाराकडे निघतो. मुलीच्या बाबतीत तर ३५-३ व्हायचीही वाट पाहत नाही. एकदा नापास झाली की स्थळे बघायला सुरुवात. जी मुभा वरच्या आळीतला बाप आपल्या मुलाला तीनदा देतो, ती आपल्या लेकराला एकदा तरी द्यायला नको काय? बरोबरीचा हक्क म्हणजे केवळ जिंकण्याचा हक्क नव्हे. हरून, तोंड धुऊन, पुन्हा उभे राहण्याचा हक्कही त्यात येतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितलेल्या दहा पारमितांत वीर्य, क्षांती आणि अधिष्ठान या तीन आहेत. हाती घेतलेले काम माघार न घेता पूर्ण करणे, द्वेषाला द्वेषाने उत्तर न देता सहन करणे आणि ध्येयाशी पक्के राहणे. आपण वंदनेला बसतो तेव्हा या गोष्टी ऐकतो. त्यांची परीक्षा मात्र निकालाच्या दिवशी घरात होते.

विहारांतून दर वर्षी गुणवंतांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. पण त्याच विहारात, त्याच आठवड्यात, राहिलेल्या विषयांचा वर्ग का सुरू होऊ नये? पुरवणी परीक्षा फार दूर नसते. वस्तीत शिक्षक असतात, कॉलेजात जाणारी मुले असतात. आमच्यासारख्या कारकुनालाही एखाद्या मुलाला बुककीपिंगची दोन प्रकरणे समजावून देता येतात. खर्च खडूफळ्याचा, संध्याकाळचे दोन तास आणि एक सतरंजी.

निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घरी तर सगळेच जातात. तुम्ही आधी त्या घरी जा, ज्याचे दार लोटलेले आहे. आत बसलेल्या मुलाला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी नुसते बसा आणि उद्या संध्याकाळी वही घेऊन विहारात ये, एवढेच सांगा.

जय भीम!